जुनी गाडी सारखी रस्त्यात उभारते? पेटी भरायच्या आधी बिघाड ओळखा

जुनी सहाचाकी ट्रक चालवणाऱ्या बहुतेकांची एकच रड असते. पेटी हत्यारांनी गच्च भरलेली, उचलायला दोन माणसं लागतात, आणि तरी गाडी मोहोळच्या पुढं उभारली की फोन लावायचा तो मिस्त्रीलाच. मिस्त्री सोलापुरातनं बाईकवर येणार, दोन बोल्ट ढिले करणार, डिझेलचा हँड पंप मारणार, गाडी चालू, आणि त्याच्या हातावर नोटा ठेवायच्या. पुढच्या खेपेला परत तेच. माझं स्पष्ट मत आहे की यात गाडीचा दोष कमी आणि पेटीचा जास्त. लोक दुकानात जाऊन जे चकचकीत दिसेल ते घेतात, पान्यांचा मोठा सेट, चार जातीच्या पकडी, भला मोठा हातोडा, पण आपली गाडी नेमकी कशानं उभारते आणि तेवढं सोडवायला काय लागतं हे बघून पेटी भरणारा माणूस मला तरी क्वचितच भेटलाय.

आधी एक सांगतो, हे सगळं जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांसाठी आहे. माझी टाटाची १६१३ ट्रक आहे, जास्त करून मार्केट यार्डातनं कांदा हैदराबादला आणि येताना जे मिळेल ते. ज्यांच्या गाड्या नवीन कॉमन रेलच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझेल सोडणाऱ्या इंजिनाच्या आहेत त्यांनी डिझेलच्या पाईपला रस्त्यावर पाना लावायचाच नाही, त्यात हजार बारच्या वर प्रेशर असतं, चालू इंजिनावर नट सोडला तर डिझेलची धार कातडीतनं थेट आत शिरते. तुमचं काम स्कॅनरवाल्याकडंच.

आता मुख्य दुखणं. डिझेलच्या लाइनीत हवा.

गाडी चालता चालता दम टाकते, पाय दाबला तरी उचलत नाही, धक्के मारते आणि बंद. सेल्फ मारला की इंजिन फिरतं पण पकडत नाही. इथं क्लीनरला खाली उतरवून सायलेन्सरकडं बघायला सांगायचं. इंजिन फिरतंय आणि धूर अजिबात नाही म्हणजे डिझेल पोचतच नाही. पांढरा धूर येतोय पण पकडत नाही तर डिझेल जातंय, जळत नाही, ते दुखणं वेगळं. हे एवढं बघितलं तरी अर्धा तास वाचतो, नाहीतर लोक बॅटरी खलास होईपर्यंत सेल्फ मारत बसतात. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मग मिनिटभर थांबायचं, नाहीतर सेल्फ जळतो आणि मग एकाचे दोन खर्च.

हवा काढायची रीत बऱ्याच जणांना अर्धवट माहीत असते म्हणून नीट लिहितो. पहिल्यांदा टाकीत डिझेल आहे का, आणि इंजिन बंद करायच्या स्टॉपरची केबल आत परत गेली का ते बघा (हसू नका, केबल गंजून अडकलेली असते आणि लोक अख्खी लाइन खोलून बसतात). मग फिल्टरच्या डोक्यावरचा हवा काढायचा स्क्रू ढिला करा, हँड पंपाची मूठ फिरवून मोकळी करा आणि मारत राहा. आधी फेस येतो, फसफस होते, मग बुडबुडे कमी होत होत स्वच्छ धार लागते. धार चालू असतानाच, म्हणजे पंप मारता मारताच, स्क्रू कसायचा, हात थांबवून कसला की परत थोडी हवा आत घेतोच. मग इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या मोठ्या पंपावरच्या स्क्रूला तेच. एवढ्यावर गाडी चालू व्हायला पाहिजे. नाही झाली तर इंजेक्टरकडचे दोन-तीन नट अर्धा फेरा ढिले करून सेल्फ मारायचा, डिझेल झिरपायला लागलं की एकेक कसत यायचं. बोट लावून बघू नका, फडकं धरा. आणि शेवटी हँड पंपाची मूठ खाली दाबून परत घट्ट फिरवायची. ती उघडी राहिली तर तिथनंच हवा ओढते, आणि दहा किलोमीटरवर गाडी परत उभारली की माणूस म्हणतो आता काय झालं बे हिला.

पण हवा काढली म्हणजे बिघाड गेला असं नाही. हवा शिरली कुठनं ते सापडलं नाही तोवर हे चालूच राहणार. इथं एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतनं डिझेल ओढणारा छोटा पंप) लाइन ओढीवर चालते, त्यामुळं तिथं चीर असली तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. भोक पडलेल्या स्ट्रॉनं उसाचा रस ओढून बघा, तसंच. फीड पंपाच्या पुढं मात्र प्रेशर असतं, तिथं गळती असेल तर ओलं दिसतं. म्हणून "कुठंच गळत नाही हो, सगळं कोरडं आहे" असं कुणी म्हणालं की मी तर टाकीच्या बाजूलाच संशय घेतो.

कधी बंद पडते त्यावरनं पण बरंच कळतं. रात्रभर उभी राहून सकाळी चालू व्हायला त्रास देते, एकदा झाली की दिवसभर चांगली, तर रातोरात डिझेल मागं उतरतंय, फीड पंपाचा वॉल्व्ह धरत नाही किंवा एखादा वायसर गेलाय. टाकी अर्ध्याच्या वर असताना झकास आणि खाली आली की धक्के, तर टाकीत उतरणाऱ्या नळीलाच वर कुठं तरी चीर आहे, डिझेल वर असतं तोवर चीर बुडलेली असते. पंधरा-वीस किलोमीटर पळते, बंद पडते, दहा मिनिटं थांबलं की आपोआप चालू होते आणि परत तेच, तर टाकीचं झाकण उघडून कान द्या, सुस्स असा आवाज करत हवा आत गेली तर झाकणाचं श्वासाचं भोक धुळीनं बुजलंय. टाचणी घालायची, काम झालं. झाकण ठीक असेल तर टाकीतला गाळ नळीच्या तोंडाशी येऊन बसतोय, गाडी थांबली की खाली पडतो.

आणि सगळ्यात भारी उपाय, ज्यासाठी पेटीत दोन वस्तू ठेवायलाच पाहिजेत: पाच लिटरचा स्वच्छ कॅन आणि दोन-अडीच मीटर पारदर्शक पाईप, डिझेलला चालणारा. टाकीकडनं येणारी लाइन फीड पंपापाशी सोडायची, त्या जागी हा पाईप लावून क्लिप कसायची, दुसरं टोक कॅनमधल्या डिझेलात. हवा काढून गाडी चालू करा. आता नीट चालली तर पंप, फिल्टर सगळं बरं आहे, दोष टाकी आणि तिथनं येणाऱ्या पाईपात. तरीही बुडबुडे दिसले किंवा बंद पडली तर दोष पुढं. मिस्त्रीला फोनवर एवढं सांगितलं की तो पण नेमकं सामान घेऊन येतो. शिवाय अगदीच अडचण आली तर कॅन व्यवस्थित बांधून, इंजिनाच्या गरम भागापासून लांब ठेवून, गाडी हळूहळू जवळच्या पंपाच्या आवारापर्यंत नेता येते.

तर या एका दुखण्यासाठी पेटीत काय: तुमच्या लाइनीच्या बोल्टांच्या मापाचे तांब्याचे वायसर डझनभर, होज क्लिपा, एक डिझेल फिल्टर रबरी रिंगसकट, तो पाईप, तो कॅन, आणि नेमके लागणारे पाने. पाने कुठले ते मी सांगणार नाही. तुम्ही घरी एकदा गाडी अंगणात लावा आणि फक्त पेटीतल्याच हत्यारांनी हवा काढून बघा. गॅरेजमधनं उसना पाना आणायचा नाही. जिथं पाना बसत नाही, जिथं हात पोचत नाही, जिथं बोल्टाचं डोकं गोल झालंय, तेवढंच सामान घ्यायचं आणि ते बोल्ट बदलून टाकायचे. ३२ पानी सेटमधले सहा-सात सोडले तर बाकीचे वर्षानुवर्षं गंजतच पडलेले असतात. वायसर संपले तर जुना तांब्याचा वायसर लायटरवर नाही, चांगल्या आचेवर लाल करून पाण्यात टाकायचा, मऊ होतो आणि परत धरतो, पण हे गळतीवर तात्पुरतं. टेफ्लॉन टेप डिझेलच्या लाइनीत नको म्हणजे नको, तिचे तुकडे तुटून वॉल्व्हमध्ये अडकतात आणि नवीन दुखणं लागतं. टाकीला बारीक भोक पडून ठिबकत असेल तर अंगाचा साबण चोळून घट्ट दाबून भरा, डिझेलात साबण विरघळत नाही, गावापर्यंत आरामात येतो.

पंक्चरवर वेगळं काय सांगायचं असं वाटेल, पण आपल्या भागात जॅक असून पण माणूस अडकतो, कारण काळी माती. साइडपट्टीच्या बाहेर गाडी उतरवली, जॅक लावला, की गाडी वर जायच्या ऐवजी जॅक खाली जातो. पावसाळ्यात तर बघायलाच नको. म्हणून जॅक जेवढा महत्त्वाचा तेवढीच त्याच्या खालची फळी महत्त्वाची, दीड-दोन फूट लांब, रुंद, चांगली तीन-चार इंच जाड, बाभळीची किंवा रेल्वेच्या जुन्या स्लीपरची मिळाली तर उत्तम. नुसती लोखंडी प्लेट ठेवू नका, जॅक तिच्यावरनं सरकतो. त्याच लाकडाचे दोन उतरते गुटके पण करून घ्या. मागच्या जोडचाकातलं बाहेरचं पंक्चर असेल तर बऱ्याचदा जॅकची गरजच नसते, आतलं चांगलं चाक गुटक्यावर चढवलं की पंक्चर चाक अधांतरी राहतं. बाकीच्या चाकांना आधी दगड लावा मात्र, आणि नट हे गाडी उचलायच्या आधी ढिले करायचे.

व्हील पान्याबरोबर चार फुटी जाड पाईप पाहिजेच, गंजलेला नट नुसत्या हातानं सुटत नाही. काही जुन्या गाड्यांना डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात. नवा क्लीनर त्यावर उड्या मारून मारून बोल्ट मोडतो आणि वर सांगतो की लै टाइट होता. आधीच दाखवून ठेवा. आणि रिंगवाल्या चाकात (टायर धरायला वेगळी लोखंडी रिंग असते त्या) हवा भरताना त्याच्यासमोर कुणी बसायचं नाही, उभारायचं नाही. रिंग नीट बसली नसेल तर गोळीसारखी सुटते. रस्त्यावरचा पंक्चरवाला कितीही घाईत असला तरी त्याला सांगा, साखळी लाव नाहीतर रिंगेची बाजू जमिनीकडं कर, मगच नळी जोड.

पाण्याचं थोडक्यात. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो आणि त्यात भरलेली गाडी, तापणारच. वीस लिटर पाणी, एक फॅन बेल्ट, रेडिएटरचा वरचा आणि खालचा होज, क्लिपा. बेल्ट नवा घेतला की तो लगेच गाडीला लावा आणि जुना चांगला असलेला पेटीत ठेवा, म्हणजे माप बरोबर आहे याची खात्री आपोआप होते. तापलेल्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नाही, अर्धा तास सावली बघून बसा.

एअर ब्रेकवर मात्र जरा थांबू. हवेची नळी कुठं फुटली तर प्रेशर उतरतं आणि स्प्रिंग ब्रेक असलेल्या गाडीची मागची चाकं आपोआप जाम होतात, ती तशीच रचना आहे, हवा गेली की ब्रेक लागला पाहिजे. पण जाम झाली ती नेमकी लेनच्या मधोमध, तर गाडी बाजूला घ्यायची कशी? स्प्रिंग आखडून धरायचा एक लांब बोल्ट असतो, बऱ्याचदा ब्रेक चेंबरच्याच (चाकाजवळचा तो गोल डबा) अंगावर एका खिशात लावलेला. आज जाऊन बघा तो जागेवर आहे का, असला तर गंजून बसलाय का, ग्रीस लावून ठेवा. तो लावला की ब्रेक सुटतो, म्हणजे हँडब्रेक पण गेला, त्यामुळं आधी चारी बाजूनं गुटके. आणि हे फक्त गाडी दुसऱ्या गाडीनं ओढून कडेला घेण्यापुरतं, माल भरून असंच तुळजापूरच्या घाटात उतरायचं असलं डोकं चालवू नका. चेंबरचा पट्टा खोलायला तर अजिबात हात लावायचा नाही, आत स्प्रिंग दाबून भरलेली असते, सुटली की माणूस जागेवर जातो. पेटीत आपल्या मापाची नायलॉन नळी मीटर-दोन मीटर आणि तिचे दोन-तीन कनेक्टर ठेवा. नळीला ब्लेडनं सरळ काटकोनात काप द्यायचा, तिरका कापला की कनेक्टर हवा धरत नाही. हवेच्या टाक्यांमधलं पाणी रोज सकाळी सोडायचं, दोन मिनिटांचं काम आहे, पण लोक ते पण क्लीनरवर टाकतात आणि विसरतात.

लाइटीचं सामान घेताना आधी आपली गाडी १२ व्होल्टची का २४ ची ते बल्बवर वाचून घ्या. चुकीचा बल्ब घेतला तर २४ वर १२ चा तिथल्या तिथं उडतो आणि १२ वर २४ चा मिणमिणतो. हेडलाइटचा एक, टेल आणि इंडिकेटरचे चार-चार, वेगवेगळ्या अँपिअरचे फ्यूज, थोडी वायर, टेप, आणि दोन वायरी जोडलेला एक बल्ब, टेस्टिंगला. फ्यूजच्या जागी तार घालणाऱ्यांना काय सांगायचं, गाडी जळते त्यानं. दोन बॅटऱ्यांच्या २४ व्होल्ट गाडीत मोबाईल चार्जर नाहीतर गाण्यांचा टेप एकाच बॅटरीवरनं घेतला असेल तर ती एक बॅटरी कायम आधी मरते, मग दोन्ही बदलायला लागतात. सकाळी सेल्फ नुसता टकटक करत असेल तर नवी बॅटरी घ्यायच्या आधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यानं धुवा आणि चेसिसला जाणारी अर्थिंगची वायर हलवून बघा. गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या थंडीत हा प्रकार जास्त होतो.

रात्री गाडी उभारली तर हत्यारं काढायच्या आधी मागच्याला दिसलं पाहिजे. चौपदरी रस्त्यावर मागची गाडी ८० नं येत असते आणि उभी गाडी त्याला चालतीच वाटते. रिफ्लेक्टर त्रिकोण दोन ठेवा, एक तीस-चाळीस पावलांवर आणि दुसरा त्याच्या बराच मागं, आणि ठेवायला जाताना त्रिकोण छातीसमोर धरून कडेकडेनं चालत जा. रिफ्लेक्टरचं जाकीट दोघांना दोन. मागच्या लाल टेपवरचा चिखल पुसा. झाडाच्या फांद्या आणि दगड मांडायची आपली पद्धत आहे, ठीक आहे, काही नसेल तर ते पण चालेल, पण गाडी चालू झाली की दगड उचला हो. तसेच टाकून जातात आणि पहाटे दूधवाला बाईकवाला त्यावर जातो. उसाच्या सीझनमध्ये दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर विनालाइट फिरत असतात, तेव्हा तर गाडी शक्यतो पेट्रोल पंपावर नाहीतर टोलच्या आवारातच घालायची. हायवेवर १०३३ हा मदतीचा फोन नंबर लागतो, गाडी लेनमध्ये अडकली असेल तर तिथं सांगून क्रेन मागवा, किलोमीटरचा दगड वाचून सांगितला तर लवकर येतात.

डोक्याला बांधायची बॅटरी घ्या, हातातली नको, दोन्ही हात पाना धरायला लागतात. गाडीखाली झोपायला कारखान्यातनं निघालेली सेकंडची सोलापुरी चादर एक नंबर, प्लास्टिकचं बारदान उन्हात चिकटतं. फडकी पण चादरीची नाहीतर टॉवेलाची ठेवा, कापसाचा वेस्ट डिझेलच्या कामात नको, तंतू आत जातात. एबीसी पावडरचा फायर सिलिंडर केबिनमध्येच ठेवा, पाठीमागच्या पेटीत कुलूप लावून ठेवलेल्याचा उपयोग काय? सिलिंडरच्या काट्यावर लक्ष द्या, काटा हिरव्यात पाहिजे. आणि खायला कडक भाकरी, शेंगाचटणी. आठवडा गेला तरी काही होत नाही, नळदुर्ग-उमरग्याच्या मधे रात्री अडकलं तर ढाबा शोधत गाडी सोडून जावं लागत नाही, कारण गाडी सोडली की ताडपत्रीचे दोर आणि डिझेल दोन्ही जातंय.

टाटा ४०७ (छोटा ट्रक) वाल्यांनी वरचं एअर ब्रेकचं सामान घ्यायची गरज नाही, जुन्या ४०७ ला ऑइल ब्रेक असतो. त्याऐवजी ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली ठेवा, झाकणावर जो ग्रेड लिहिलाय तोच. एकदा उघडलेली बाटली पेटीत महिनोन्महिने ठेवायची नाही, ते ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि घाटात ब्रेक तापला की पॅडल मऊ पडतं. पेडल खाली जायला लागलं तर आधी चारी चाकांच्या आतल्या बाजूला ओल बघा, मग मास्टर सिलिंडर. जॅक तुम्हाला दहा टनाचा पुरे, पण फळी तीच लागणार.